हीला, काराकुरी आणि कळसूत्री

पवईच्या केंद्रीय विद्यालयातील एका शिक्षकाने २०२१ साली टाकाऊ साहित्यातून ‘शालू’ नावाची बोलणारी यंत्रबाहुली तयार केली. तिचे छायाचित्र आम्ही वर्गात दाखविले तेव्हा मुलांनी विचारले, “रोबोट आधी अमेरिकेत झाला की जपानात?” आम्ही म्हटले, आधी नावे पाहू.

‘रोबोट’ हे नाव कारेल चापेक या चेक लेखकाच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेले. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठ. जपानी भाषेत त्याच्या कितीतरी आधीपासून ‘काराकुरी’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ यंत्ररचना, आणि युक्तीही. काराकुरी बाहुली हातातल्या तबकात चहाचा पेला घेऊन पाहुण्याकडे चालत जाई. पाहुण्याने पेला उचलला की ती थांबे, परत ठेवला की वळून माघारी जाई. होसोकावा हान्झो यांनी १७९६ साली अशा बाहुल्यांची रचना आकृत्यांसह पुस्तकात छापली. अशाच बाहुल्या घडविणारे कारागीर तानाका हिसाशिगे (१७९९-१८८१) यांच्या कारखान्यातून पुढे ‘तोशिबा’ कंपनी उभी राहिली.

आता आपल्या घराकडे वळू. दियारबकरच्या अर्तुकी दरबारातील अल्-जझरी यांनी १२०६ साली यंत्रांवरचा अरबी ग्रंथ पूर्ण केला. वुजूसाठी नोकराने हातावर पाणी घालावे हे बादशहाला रुचत नव्हते, म्हणून त्यांनी पाणी घालणारा यंत्रपुतळा रचला. ग्रंथाच्या नावात यंत्रांसाठी ‘हियल’ हा शब्द आहे. तो ‘हीला’चे अनेकवचन, म्हणजे युक्त्या. अर्थाने हा काराकुरीचा सख्खा भाऊच! पण आपल्या उर्दू बोलण्यात ‘हीला’ उरला तो केवळ ‘हीले-बहाने’ यांत.

मराठीत ‘कळसूत्री’ शब्दाचे असेच झाले. कळ म्हणजे यंत्राची युक्ती. आपल्या ‘कल-पुर्जे’मधला ‘कल’ तोच. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने दोरीवर नाचणाऱ्या लाकडी बाहुल्यांची ही कला जपली. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. पण बोलताना आपण ‘कळसूत्री बाहुली’ म्हणतो ते दुसऱ्याच्या तालावर नाचणाऱ्या माणसाला.

जपानी बाहुली अल्-जझरींच्या ग्रंथावरून झाली, असे आम्ही मुलांना सांगितले नाही. युक्ती कोणा एका कौमची नसते. फरक पुढच्या पिढ्यांनी केला. अल्-जझरींनी मापे लिहून ठेवली ती दुसऱ्याला यंत्र बनविता यावे म्हणून. जपानी कारागिरांच्या हातचा हुनर कारखान्यापर्यंत पोहोचला. आपल्याकडे शब्द राहिला, हात सुटला.

तेव्हा ‘हे तर आपल्याकडे आठशे वर्षांपूर्वीच होते’ एवढे म्हणून थांबणे, हाही एक हीलाच.