बेस गिटारसाठी काँबो अ‍ॅम्प निवडताना

तियात्रातील वाद्यवृंद असो, लग्नाच्या मंडपातील बँड असो किंवा फेस्ताच्या रात्रीचा कार्यक्रम असो, गोव्यात बेस गिटार वाजवणारा कलाकार नसलेला संच क्वचितच आढळतो. गिटार आणि कीबोर्डच्या गर्दीत या वाद्याकडे श्रोत्यांचे लक्ष फारसे जात नाही. ते थांबले, की मात्र गाण्याखालची जमीनच सरकल्यासारखे वाटते. हे वाद्य शिकू पाहणारी मुले पहिली गिटार विचारपूर्वक घेतात आणि अ‍ॅम्पच्या वेळी उरलेल्या पैशांत जे मिळेल ते उचलतात. पुढे तालमीत ड्रम सुरू झाला की आपलाच स्वर आपल्याला ऐकू येत नाही, आवाज वाढवावा तर स्पीकर फडफडू लागतो, आणि वर्षभरात दुसरा अ‍ॅम्प घ्यावा लागतो. हा दुहेरी खर्च टाळता येण्याजोगा आहे.

काँबो म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एकाच पेटीत असलेला संच. लिओ फेंडर यांनी १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि त्यापाठोपाठ १९५२ मध्ये त्याच्यासाठी ‘बासमन’ हा अ‍ॅम्प काढला. गंमत अशी, की पुढे हा बासमन गिटारवादकांनाच अधिक भावला. इंग्लंडमधील मार्शल कंपनीचा पहिला प्रसिद्ध अ‍ॅम्प त्याच्याच आराखड्यावर बेतलेला होता. बेसवादकांना हवा असलेला भरीव स्वर अँपेगच्या १९६० च्या ‘बी-१५’ने दिला. मोटाऊनच्या ध्वनिमुद्रणांतील जेम्स जेमर्सन यांचे नाव या अ‍ॅम्पशी कायमचे जोडले गेले आहे.

गिटारचा अ‍ॅम्प का चालत नाही

घरात गिटारचा अ‍ॅम्प आधीपासून असेल तर त्यातच बेस लावण्याचा मोह होतो. गिटारची सर्वांत खालची तार सुमारे ८२ हर्ट्झवर कंप पावते, चार तारांच्या बेसची ४१ हर्ट्झवर, तर पाच तारांच्या बेसवरील खालचा ‘बी’ ३१ हर्ट्झच्या आसपास असतो. स्वर एक सप्तक खाली गेला, की हवेत तेवढाच ध्वनिदाब निर्माण करण्यासाठी स्पीकरच्या कागदी पडद्याला चौपट अंतर पुढेमागे सरकावे लागते. गिटारच्या स्पीकरचा पडदा हलका आणि त्याची हालचाल मर्यादित असते. अगदी हळू आवाजात सराव केला तर तो निभावून नेतो. तालमीच्या आवाजात मात्र पडदा फाटण्याची किंवा आतली तारेची गुंडाळी जळण्याची भीती असते. उलट बाजूने धोका नाही. बेसच्या अ‍ॅम्पमधून गिटार खुशाल वाजवावी. स्वर थोडा बोथट लागेल, इतकेच.

लहान स्पीकरमधून ४१ हर्ट्झचा मूळ स्वर पुरेसा बाहेर पडतच नाही, हेही लक्षात घ्यावे. तरीही तो ऐकू आल्यासारखा वाटतो, कारण त्या स्वराचे वरचे अंशस्वर ऐकून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. आठ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प सरावाला पुरतो आणि तालमीत अपुरा पडतो, त्यामागे हे एक कारण आहे. ड्रम आणि कीबोर्ड त्याच अंशस्वरांच्या पट्ट्यात गर्दी करतात आणि बेस त्यात बुडून जातो.

वॅटचा हिशेब

दुकानात पहिला प्रश्न वॅटचा असतो आणि सर्वाधिक गैरसमजही त्याबाबतच आहेत. ३० वॅटचा अ‍ॅम्प सोडून ६० वॅटचा घेतला तर आवाज दुप्पट होत नाही; तो केवळ ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल इतका. आवाज दुप्पट भासण्यासाठी सुमारे १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी दहापट शक्ती लागते. त्यामुळे १५ आणि २५ वॅट यांत निवड करताना किमतीत मोठा फरक असेल, तर त्या पैशांत मोठ्या स्पीकरचा अ‍ॅम्प घेणे शहाणपणाचे. स्पीकरची संवेदनशीलता ३ डेसिबलने अधिक असेल, तर तेवढ्याच वॅटमध्ये दुप्पट शक्तीचा परिणाम मिळतो. दुर्दैवाने काँबोच्या जाहिरातीत हा आकडा सहसा दिलेला नसतो. तो कानानेच पारखावा लागतो.

स्थूलमानाने असे म्हणता येईल: घरच्या सरावाला १५ ते ४० वॅट आणि ८ किंवा १० इंची स्पीकर भरपूर झाला. ड्रम नसलेल्या संचात, व्हायोलिन, घुमट आणि साध्या गिटारच्या साथीने मांडो बसवताना, ४० वॅटही चालून जातात. ड्रमवादक आला की गणित बदलते. काठ्यांनी वाजवलेल्या ड्रमचा आवाज बंद खोलीत सहज १०० डेसिबलच्या वर जातो आणि त्यापुढे १०० वॅट व १२ इंची स्पीकर ही किमान पायरी समजावी. ड्रमवादकाचा हात जड असेल, किंवा संचात दोन विद्युत गिटारी असतील, तर २०० ते ५०० वॅटचा विचार करावा. ही शक्ती नेहमी वापरायची नसते. खालच्या स्वरावर जोराचा आघात झाला तरी आवाज फाटू नये, यासाठी ती राखीव हवी. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प कमी वॅटमध्येही मोठे भासतात. मात्र त्यांचे वजन आणि देखभाल पाहता विद्यार्थ्याने त्या वाटेला न जाणे बरे.

वजन ही किरकोळ बाब नव्हे. दुसऱ्या मजल्यावरच्या तालमीच्या खोलीत तीस किलोचा खोका आठवड्यातून दोनदा चढवणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. ‘क्लास डी’ पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरमुळे आणि निओडिमियमच्या चुंबकांमुळे आता मोठ्या शक्तीचे काँबोही एका हाताने उचलता येतात.

दोघांचे काम एकाच अ‍ॅम्पवर भागवायचे असेल, तर जोडणीच्या जागा नीट पाहाव्यात. हेडफोनची जागा आणि मोबाईलवरील गाणे जोडण्याची सोय सरावासाठी आवश्यकच. त्याहून महत्त्वाचा आहे तो ‘डीआय’, म्हणजे थेट मिक्सरकडे जाणारा एक्सएलआर निर्गम. मोठ्या कार्यक्रमात श्रोत्यांपर्यंत बेस पोहोचवण्याचे काम मैदानावरील ध्वनियंत्रणा करते. काँबो वादकाला स्वतःला ऐकू येण्यापुरता उरतो. म्हणून चांगला डीआय असलेला १०० वॅटचा हलका अ‍ॅम्प, डीआय नसलेल्या ३०० वॅटच्या जड अ‍ॅम्पपेक्षा अनेकदा अधिक उपयोगी ठरतो. त्यासोबत ‘ग्राउंड लिफ्ट’चे बटण असेल तर गुणगुण थांबवता येते. काही काँबोंना बाहेरून आणखी एक स्पीकर जोडता येतो. उदाहरणार्थ, फेंडरचा ‘रंबल ५००’ एकटा असताना ३५० वॅट देतो आणि ८ ओहमचा दुसरा स्पीकर जोडल्यावर ५००. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात. अ‍ॅम्पवर लिहिलेल्या किमान ओहमच्या खाली कधीही जाऊ नये. अंगभूत इफेक्ट आणि नकली अ‍ॅम्पध्वनींच्या लांबलचक यादीला भुलण्याचे कारण नाही.

खोली आणि शेजारी

४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ८.४ मीटर असते. पणजी किंवा मडगावच्या सदनिकेतील बारा फुटी खोलीत ही लहर मावतही नाही. अशा खोलीत साधारण ४७ हर्ट्झचा स्वर, म्हणजे खालच्या तारेवरील दुसऱ्या पडद्याच्या आसपासचा, घुमतो आणि काही स्वर गिळले जातात. वादक मग अ‍ॅम्पला दोष देतो. अ‍ॅम्प कोपऱ्यातून दोन-तीन फूट पुढे ओढला, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. तालमीत तो जमिनीवर सपाट ठेवला की स्पष्टता देणारे वरचे स्वर वादकाच्या पोटऱ्यांपाशीच संपतात. तो मागे कलता ठेवता येत असेल तर उत्तम.

शेजाऱ्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मात्र ही मोजणी ज्या ‘ए’ मापाने होते, ते ५० हर्ट्झच्या ध्वनीला तब्बल ३० डेसिबल कमी मोजते. त्यामुळे मापकावर आकडा निरुपद्रवी दिसतो आणि खालच्या मजल्यावरील वृद्धाच्या पलंगाला मात्र कंप जाणवतो. जाड फोमच्या तुकड्यावर अ‍ॅम्प ठेवल्यास जमिनीतून जाणारा कंप कमी होतो. भिंतीतून जाणारा खर्ज अडवणे घरगुती उपायांनी जवळजवळ अशक्य आहे. रात्री हेडफोन, हाच खरा मार्ग. तालमीत वादकांनी स्वतःच्या कानांचीही काळजी घ्यावी: कामाच्या ठिकाणासाठी मान्य झालेल्या एका निकषानुसार ८५ डेसिबल आठ तास सोसता येतात आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे उरतात.

खरेदीला जाताना स्वतःची गिटार न्यावी. सर्व टोनची बटणे मध्यावर ठेवून प्रथम खालची मोकळी तार हळू आणि मग तालमीच्या आवाजात वाजवावी. पेटीचा खडखडाट, पडद्याची फडफड, बटण फिरवताना येणारी खरखर हे सगळे तेव्हाच कळते. जुना अ‍ॅम्प घेताना जाळी काढून पडद्याच्या कडा पाहाव्यात. परदेशातून नातेवाइकाने आणलेला अ‍ॅम्प गोव्यात नवा नाही. अमेरिकेसाठी बनवलेला असेल तर तो १२० व्होल्टवर चालतो आणि आपल्या २३० व्होल्टला थेट जोडला तर पहिल्याच दिवशी जळतो. प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन गुणगुण थांबवण्यासाठी कापण्याचा प्रकार अजूनही काही तालीमखोल्यांत दिसतो. गिटारच्या धातूच्या तारा आणि माइक दोन्ही वादकाच्या अंगाला लागतात, तेव्हा हा प्रयोग जिवावर बेतू शकतो.

किनाऱ्यालगतच्या घरात पावसाळ्याचे चार महिने अ‍ॅम्प प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवू नये. आत दमट हवा कोंडते आणि जॅकवर गंज चढतो. सुती आच्छादन घालावे, खोका भिंतीपासून दूर ठेवावा आणि आठवड्यातून निदान एकदा अर्धा तास तो चालू करावा.