ढगांची सावली मोजणारी माणसं

हिवाळ्यात रात्री आभाळ आलं की आमच्या सुरगाण्यात म्हातारी माणसं सांगतात, "आज थंडी कमी राहील." आणि तसंच होतं. सकाळी गवतावर दवही नसतं. पुढे इंजिनिअरिंग करून सेन्सरच्या आकड्यांत रमलो, तेव्हा कळलं की त्या एका वाक्यात ढगांचं अर्धं विज्ञान आहे.

जमीन रात्रभर उष्णता वर सोडत असते. आभाळ निरभ्र असेल तर तिच्यातली बरीचशी निघून जाते. ढग असला की तो स्वतः उष्णता खाली पाठवतो. जितका खालचा आणि दाट, तितकी जास्त. १९३२ साली हवामान खात्याचे एल. ए. रामदास आणि आत्मनाथन यांनी याच रात्रीच्या व्यवहारातली एक चकित करणारी गोष्ट दाखवली. शांत, निरभ्र रात्री सगळ्यांत थंड हवा जमिनीला चिकटून नसते, वीतभर वर असते. अनेकांना ते बराच काळ पटलं नाही. रामदास यांनी पुढे पुण्यात शेती-हवामानशास्त्राचा पाया घातला.

दिवसा हिशोब उलटा. तेव्हा ढग ऊन अडवतो. काचेचा भरीव गोळा उन्हात ठेवला की तो कागदी पट्टीवर जळकी रेघ ओढतो. रेघ तुटली की समजायचं, ढग आला. पण किती ऊन अडलं? त्यासाठी काचेच्या घुमटाखाली काळी चकती असते. ती किती तापली यावरून ऊन मोजतात. स्वच्छ आकाशात त्या वेळी किती ऊन पडायला हवं हे ठाऊक असेल, तर जी तूट दिसते ती ढगाची. आकडा सारखा वरखाली झाला तर विखुरलेले ढग, दिवसभर खाली बसला तर आषाढातलं भरलेलं आभाळ.

ही मोजणी देशभर नेली अ‍ॅना मणी यांनी. १९४८ साली त्या पुण्यात हवामान खात्यात आल्या. परदेशी उपकरणांवर विसंबून न राहता त्यांनी ती इथेच बनवून घेतली आणि १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात सौर किरणं मोजणाऱ्या केंद्रांचं जाळं उभारलं. चुकीचं मोजण्यापेक्षा न मोजलेलं बरं, असा त्यांचा आग्रह असे. त्यांचा भारतातल्या सौर किरणांच्या आकड्यांचा ग्रंथ १९८० साली आला. सौरऊर्जेचं काम करणाऱ्यांना त्याचा मोठा आधार झाला.

आज उपग्रह ढगांचा माथा दाखवतो. पण उतारावरच्या नागलीला मिळतं ते ढगाखालून गाळून आलेलं ऊन. सौरपंपालाही तेच. ते जमिनीवर उभं राहूनच नीट कळतं, आणि उपग्रहाचे अंदाजही याच आकड्यांशी ताडून बघावे लागतात.

मोबाईलवर ढगाचं चित्र बघताना मला म्हणूनच वेगळंच कुणीतरी आठवतं: रोज सकाळी फडकं घेऊन त्या काचेच्या घुमटावरचं दव पुसणारा निरीक्षक. त्यानं एक दिवस आळस केला असता, तर काचेवरचं दवही आकड्यांत ढग म्हणून नोंदलं गेलं असतं.