कागदावरचं इंजिन

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, ‘ॲव्हरेज किती देते?’ शोरूममधला आकडा रस्त्यावर मिळत नाही, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं. त्यामुळे आकडे फुगवणं मला नवं नव्हतं. पण एखाद्या कंपनीने आपल्याच इंजिनाची ताकद मुद्दाम कमी सांगावी, हे आधी पटेना.

१९६८ साली फोर्डने मस्टँगमध्ये ‘४२८ कोब्रा जेट’ हे व्ही-८ इंजिन दिलं. ४२८ क्युबिक इंच, म्हणजे सात लिटर. आपल्या हॅचबॅकची पाच-सहा इंजिनं एकत्र केल्यासारखं. कागदावर ताकद ३३५ हॉर्सपॉवर. प्रत्यक्षात ती ४००च्या पुढे असावी, असं जाणकार सर्रास मानतात. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये अल जोनिक यांनी ही मस्टँग पळवून ‘सुपर स्टॉक’ जिंकलं.

हा नम्रपणा कशासाठी? ड्रॅग रेसिंग म्हणजे पाव मैल सरळ रस्ता आणि शेजारी-शेजारी दोन गाड्या. ‘स्टॉक’ प्रकारात गाडीचा गट ठरतो तो तिच्या वजनाला जाहीर हॉर्सपॉवरने भागून. समजा, गाडी ३,३५० पौंडांची आहे. ३३५ने भागलं तर उत्तर १०. खरं बोलून ४०० सांगितले तर ८.४ सुद्धा नाही, आणि मग समोर जास्त तगड्या गाड्या. शिवाय ताकदवान गाड्यांचा विमाही महागत चालला होता.

या शर्यती भरवणारी एनएचआरए ही संस्था वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये काढलेली. तिथली माणसं दूधखुळी नव्हती. त्यांनी कंपनीचा आकडा बाजूला ठेवून इंजिनांना स्वतःचे आकडे लावायला सुरुवात केली.

मला खरी गंमत वाटते ती यापुढची. आजही त्या काळातल्या गाड्या स्टॉक गटात पळतात. त्यांची इंजिनं कशी असावीत, हे संस्थेकडच्या नोंदींवरून ठरतं, आणि त्या नोंदी मुळात कंपन्यांनी दिलेल्या. हेडमधल्या ज्वलनकक्षात कमीत कमी किती घनसेंटिमीटर जागा हवी, हेही त्यात असतं. कारखान्यातून आलेल्या हेडमध्ये ही जागा बहुधा जास्तच भरते. मग बांधणारा हेडला फेसिंग मारून बरोबर नोंदीतल्या आकड्यापर्यंत आणतो, कॉम्प्रेशन वाढतं. हेडमधल्या वाटा घासून मोठ्या करायला मनाई. व्हॉल्व्ह किती उचलायचा हेही ठरलेलं. पण तो किती वेळ उघडा ठेवायचा, याला बंधन नाही. म्हणून कॅमचा उंचवटा असा घासतात की व्हॉल्व्ह झटकन उघडतो, वर रेंगाळतो आणि झटकन मिटतो. उंची तीच, हवा जास्त. घर्षण वाचवायला रिंगा कमी ताणाच्या, ऑइल पातळ.

म्हणजे भंगारातून शोधलेल्या पन्नास वर्षं जुन्या हेडवर महिनोन्महिने राबून माणसं जे ‘मूळ’ इंजिन बांधतात, ते शोरूममधून कधी बाहेरच पडलेलं नसतं. ते फक्त कागदावर होतं. जीर्णोद्धार म्हणावा तर मूळ देऊळच नव्हतं! तरी याला फसवणूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. कंपनीने कागद आपल्या सोयीचा लिहिला; हे त्याच कागदाला शब्दशः जागतात.

लपवाछपवी मात्र संपलेली नाही. गाडी ठरलेल्या वेळेपेक्षा फारच आधी पोहोचू लागली, तर तिच्या इंजिनाच्या नावावर हॉर्सपॉवर वाढवली जाते. त्यामुळे शर्यत हातात आली की कित्येकजण शेवटच्या काही फुटांत ब्रेक दाबतात. १९६८मध्ये कंपनी जे करत होती, ते आता चालकाच्या पायाकडे आलंय.

आणि जिंकल्यावर तपासणी. महिनोन्महिने बांधलेलं इंजिन तिथेच उघडायचं. कॅमवर डायल गेज लागतो, हेड उलटं ठेवलं जातं, आणि ब्युरेटमधून थेंब-थेंब द्रव ज्वलनकक्षात सोडतात. नोंदीपेक्षा थोडं जरी कमी मावलं, तरी जिंकलेली शर्यत गेली.