शिसे, प्लॅटिनम आणि कार्बोरेटर

दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवरील बंदीची चर्चा निघाली की ती वयाभोवतीच फिरते: डिझेल गाडीला 10 वर्षे, पेट्रोल गाडीला 15. भारतीय मोटारींच्या इतिहासातली खरी सीमारेषा मात्र वयाची नाही, रसायनशास्त्राची आहे. ती 1 एप्रिल 1995 रोजी आखली गेली. त्या दिवसापासून दिल्ली, मुंबई, कोलकाता व चेन्नई (तेव्हाचे कलकत्ता व मद्रास) या महानगरांत विकल्या जाणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला आणि त्याच्याच जोडीने शिसेविरहित पेट्रोल पंपावर आले.

ही जोडी योगायोगाची नव्हती. 1921 साली अमेरिकेत थॉमस मिजली यांना आढळले की टेट्राएथिल लेड अत्यल्प प्रमाणात मिसळले तर इंजिनातले ‘नॉकिंग’, म्हणजे इंधनाचे अवेळी व झटक्याने होणारे ज्वलन, थांबते. पुढची कित्येक दशके जगभरातले पेट्रोल शिशावर पोसले गेले. शिसे मेंदूला, विशेषतः मुलांच्या मेंदूला, घातक असते हे माहीत असूनही ते इंधनात टिकून राहिले. कन्व्हर्टरमधल्या सिरॅमिकच्या मधपोळ्यावर प्लॅटिनम व पॅलेडियमचा अतिसूक्ष्म थर असतो. त्याच्या पृष्ठभागावर कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळालेले हायड्रोकार्बन यांचे ऑक्सिडीकरण होते. शिसे नेमके त्याच पृष्ठभागावर बसते आणि उत्प्रेरक निकामी करते. मुलांच्या रक्तातल्या शिशाने जी घाई निर्माण झाली नाही, ती या महागड्या धातूच्या थराने केली, असे म्हणणे कटू असले तरी फारसे चुकीचे नाही. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच विकले जाऊ लागले.

मधली पाच वर्षे विचित्र होती. महानगरात घेतलेली गाडी दूरच्या गावी गेली आणि तिथे शिसेयुक्त पेट्रोलच मिळाले, तर काही टाक्यांतच कन्व्हर्टर नुसता लोखंडी डबा होऊन राही. उलट दिशेची काळजी अॅम्बेसेडरवाल्यांना होती. मॉरिस ऑक्सफर्डच्या वंशातल्या त्या जुन्या 1489 सीसी इंजिनात एक्झॉस्ट झडपांच्या बैठका बिडाच्या हेडमध्येच कोरलेल्या असत. शिशाच्या संयुगांचा पातळ थर त्यांना झिजेपासून वाचवी. तो गेल्यावर कठीण धातूच्या बैठका बसवून घेणे हा उपाय होता.

कार्बोरेटरचा शेवटही याच डब्याने जवळ आणला. नायट्रोजनची ऑक्साइडेही नष्ट करायची तर ‘थ्री-वे’ उत्प्रेरक लागतो, आणि तो हवा व पेट्रोल यांचे वस्तुमान-गुणोत्तर 14.7 च्या अगदी जवळ असेल तेव्हाच नीट चालतो. कार्बोरेटर हे बर्नुलीच्या तत्त्वावरचे देखणे यंत्र आहे: अरुंद नळीत हवेचा वेग वाढतो, दाब घटतो, पेट्रोल ओढले जाते. पण त्याला धुरात काय चालले आहे ते कळत नाही. ते कळते झिर्कोनियाच्या ऑक्सिजन संवेदकाला, आणि त्याचे ऐकू शकते इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण. म्हणूनच 1983 साली कार्बोरेटर घेऊन आलेल्या मारुती 800 ला अखेर एमपीएफआय इंजिन घ्यावे लागले. 1991 च्या पहिल्या मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा वाहनाच्या वजनानुसार किलोमीटरमागे 14.3 ते 27.1 ग्रॅम होती. 2000 साली मोटारींसाठी ती 2.72 ग्रॅमवर आली. कार्बोरेटरकडून यापुढची अपेक्षा करणे अन्यायाचेच होते.

ट्रकांच्या बाबतीत शिशाची जागा गंधकाने घेतली. 1990 च्या दशकाच्या आरंभी डिझेलमध्ये 1 टक्क्यापर्यंत, म्हणजे दशलक्षात 10,000 भाग, गंधक चाले. बीएस-6 मध्ये ते 10 भागांवर आले, तेव्हा कुठे ट्रकला आधुनिक उत्प्रेरक व काजळीचे गाळण लावणे शक्य झाले.

2021 च्या केंद्रीय नियमानुसार 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्या हिशोबाने कार्बोरेटर आणि कन्व्हर्टर एकत्र वागवणारी 1995 ची मोटार 2045 मध्ये पात्र ठरेल. दिल्लीतल्या अशा गाडीची 15 वर्षे 2010 मध्येच भरली. भंगारात निघालेल्या कन्व्हर्टरमधले प्लॅटिनम वितळवून परत मिळवतात, त्यामुळे गाडीचा हाच भाग सगळ्यात आधी विकला जातो.