पाणी आले, जाणार कोठे?

पंजाबातील हरिके येथून सतलज-बियासचे पाणी थरच्या वाळवंटात नेणाऱ्या राजस्थान कालव्याचे काम १९५८ साली सुरू झाले. आज आपण त्याला इंदिरा गांधी कालवा म्हणतो. कालव्यामुळे पिके आली, गावे वसली. परंतु काही भागांत जमिनीखाली थोड्याच खोलीवर पाणी न झिरपू देणारा कठीण थर आहे. तेथे सिंचनाचे पाणी साचून भूजल वर चढले, शेते पाणथळ झाली. बाष्पीभवन होऊन क्षार मातीतच उरले. पाणी आणण्याचा हिशेब झाला होता, निचऱ्याचा पुरेसा झाला नव्हता. ठरावीक प्रकल्पांसाठी पर्यावरणीय परिणामांची पूर्वतपासणी भारतात १९९४ साली बंधनकारक झाली. कुंडीच्या तळाला भोक का ठेवतात, हे आपण वर्गात शिकवतो. कालवा खणण्यापूर्वी विचारायचा प्रश्नही तोच आहे.