वृद्धनिवासातील तोलाचे खेळ

अंघोळ, औषधे, जिना चढणे-उतरणे अशा कामांत मदत लागते, पण अंथरुणाला खिळलेले नाहीत, अशा ज्येष्ठांकडून वृद्धनिवासात खेळाच्या रूपाने करवून घेतलेल्या हालचाली. फुगा खाली पडू न देता टोलवत राहणे, तांदळाच्या पुरचुंड्या रिंगणात टाकणे, जमिनीवर आखलेल्या चौकटींतून ठरलेल्या पावलांनी जाणे, गाण्याच्या ठेक्यावर फेर धरणे असे त्यांचे नाना प्रकार आहेत. पडण्याचा धोका आणि पडण्याची भीती या दोन्ही कमी करणे हा त्यांचा मुख्य हेतू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढच्यांचे प्रमाण सर्वाधिक असते.

उभ्या माणसाचा तोल तीन ठिकाणांहून येणाऱ्या माहितीवर टिकतो : डोळे, अंतर्कर्णातील संतुलनेंद्रिय आणि तळवे, घोटे, गुडघे यांतील संवेदना. वयानुसार तिन्ही मंदावतात. मोतीबिंदू, मधुमेहाने बधिर झालेले तळवे आणि मांड्यांचे झिजलेले स्नायू यांची त्यात भर पडते. तरीही तोल जाणे आणि पडणे यांत एक टप्पा असतो. तोल जाताच पाऊल झटकन योग्य दिशेला टाकता आले, तर माणूस सावरतो. हे सावरण्याचे पाऊल उतारवयातही सरावाने सुधारते.

नुसत्या कवायतीपेक्षा खेळ इथे अधिक उपयोगी पडतो, कारण खेळात लक्ष स्वतःच्या पायांवर राहत नाही. फुगा कुठून येईल हे आधी कळत नाही. हात वर जातो, धड वळते, भार एका पायावरून दुसऱ्यावर जातो आणि हे सारे नकळत घडते. रोजच्या आयुष्यातही माणूस बोलता बोलता किंवा हातात कप घेऊन चालत असतो. स्वीडनमधील ऊमेओ येथे वृद्धनिवासातील 58 जणांचे निरीक्षण करण्यात आले आणि ते 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. चालताना कोणी बोलायला लागले की 12 जण थांबून जात. पुढच्या सहा महिन्यांत त्यांपैकी 10 जण पडले. चालणे आणि दुसरे काही एकाच वेळी करण्याचा सराव म्हणूनच महत्त्वाचा. गाणे म्हणत पावले टाकणारा खेळ हा सराव आपोआप देतो.

बसून खेळायचे खेळ आणि उभ्याने खेळायचे खेळ असा भेद मात्र काटेकोरपणे करावा लागतो. खुर्चीत बसून फुगा टोलवणे, मोठी चादर सगळ्यांनी धरून तिच्यावर चेंडू नाचवणे, किंवा 1984 पासून पॅरालिंपिकमध्ये असलेला आणि बसूनच खेळला जाणारा बोचिया, हे सारे आनंदाचे खेळ आहेत. त्यांनी खांदे मोकळे होतात, धडाला बळ येते, अबोल माणूस हसतो. पण उभे राहण्याचा तोल उभे राहिल्याशिवाय सुधारत नाही. अनेक वृद्धनिवासांत कोणी पडेल या धास्तीने रहिवाशांना दिवसभर बसवून ठेवले जाते. त्याने पाय आणखी कमकुवत होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. खुर्ची ही सुरुवात धरून पुढची पायरी रोज थोडी चढवणे हेच या खेळांचे खरे शास्त्र आहे : आधी खुर्चीच्या पाठीला दोन्ही हातांनी धरून उभे राहणे, मग एका हाताने, मग दोन बोटांनी, पाय आधी फाकवून, नंतर जवळ आणून, शेवटी एकामागे एक ठेवून. खेळाडूला किंचित डगमगायला लावेल, पण आधार हाताशी असेल, इतकी अवघड पायरी योग्य.

पावलांच्या खेळांत जपानमध्ये विकसित झालेला चौकटींचा व्यायाम विशेष अभ्यासला गेला आहे. एक मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब चटईवर 25 सेंटीमीटरच्या 40 चौकटी असतात. पुढे, मागे, आडवे, तिरके असे पावलांचे क्रम आधी पाहायचे, लक्षात ठेवायचे आणि मग चालून दाखवायचे. ठिकरीच्या खेळात लहानपण गेलेल्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. उडी आणि लंगडी तेवढी वगळायची. जिनिव्हा येथे पियानोच्या बदलत्या लयीवर चालण्याचे दालक्रोझ पद्धतीचे वर्ग आठवड्यातून एक तास, सहा महिने घेतले गेले. घरी राहणाऱ्या 134 ज्येष्ठांच्या या प्रयोगात पडण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटल्याचे 2011 मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रातील वृद्धनिवासांना यासाठी बाहेरून फारसे काही आणावे लागत नाही. भोंडल्यात पाटावरच्या हत्तीभोवती हात धरून फेर धरला जातो. त्यात पावले आडवी पडतात, शेजारच्यांच्या हातांचा आधार असतो आणि तोंडाने गाणे चालू असते. आडवे पडणे हे खुब्याच्या अस्थिभंगाचे मोठे कारण असल्याने कुशीकडच्या स्नायूंना बळ देणारी ही आडवी पावले मोलाची आहेत. झिम्मा आणि टिपऱ्या बसून सुरू करून उभ्याने खेळता येतात. टाळांच्या ठेक्यावर पुढे-मागे भार नेणारी वारकऱ्यांची पावली पुरुषांनाही सहज ओढून आणते. भजनाला येणारा पण व्यायामाला नाही म्हणणारा माणूस तिच्यात उभा राहतो. फुगडी, पिंगा, काटवट कणा मात्र टाळावेत. गिरकी, मान झटकणे आणि जमिनीवरचे उलथणे चक्कर येणाऱ्यांना आणि ठिसूळ हाडांना झेपत नाही.

खेळाआधी प्रत्येकाची प्रकृती फिजिओथेरपिस्ट किंवा डॉक्टरांनी पाहिलेली असावी. उभे राहताच रक्तदाब उतरणे, झोपेच्या गोळ्यांची गुंगी, नुकतेच झालेले खुब्याचे ऑपरेशन या बाबी आधी कळायला हव्यात. पोटभर जेवणानंतर लगेच खेळ ठेवू नये, कारण तेव्हाही अनेकांचा रक्तदाब उतरतो. खुर्च्या हातांच्या, बिनचाकांच्या आणि भिंतीला टेकवलेल्या असाव्यात. गुळगुळीत फरशीवर मोजे घसरतात. मागे पट्टा असलेली, पायात घट्ट बसणारी चप्पल किंवा बूट बरे. साडीचा पदर खोचलेला आणि निऱ्या घोट्याच्या वर असाव्यात. दुहेरी भिंगाच्या चष्म्याच्या खालच्या भागातून जमीन धूसर दिसते, म्हणून पावलांच्या खेळात लांबचे दिसण्याचा एकेरी चष्मा सोयीचा. मदतनीस मावशींनी किंवा दादांनी खेळणाऱ्याच्या किंचित मागे व बाजूला उभे राहावे; दंड धरून ओढल्याने तोल उलट बिघडतो. स्मृतिभ्रंश असलेल्यांना नियम सांगत बसण्याऐवजी समोर करून दाखवावे.

प्रगती मोजण्याची सोपी रीत 1991 पासून वापरात आहे : खुर्चीतून उठून तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे. त्याला 12 सेकंद किंवा अधिक लागले, तर धोका वाढलेला समजतात. सविस्तर तपासणीसाठी 14 कृतींची आणि 56 गुणांची बर्ग मापनश्रेणी आहे. घरी राहणाऱ्या ज्येष्ठांत व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे 23 टक्क्यांनी घटते, असे 2019 च्या कॉक्रेन आढाव्यात दिसले. संस्थांत राहणाऱ्यांबाबतचा पुरावा इतका एकमुखी नाही, कारण तिथली माणसे अधिक अशक्त असतात आणि अनेक कार्यक्रम फारच सौम्य ठेवले जातात. ऑस्ट्रेलियातील 16 वृद्धनिवासांतल्या 221 रहिवाशांवरील प्रयोगात वजने आणि तोलाचा सराव टप्प्याटप्प्याने अवघड केला गेला. तिथे पडण्याचे प्रमाण 55 टक्क्यांनी कमी झाल्याचे 2018 मध्ये नोंदवले गेले. आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारी हालचाल ज्येष्ठांनी करावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आहे. महिन्यातून एखाद्या सणाला घेतलेला खेळ करमणूक ठरतो. तोलावर त्याचा परिणाम होत नाही.