पक्षीय सत्ता, महाराष्ट्र राज्यातील

महाराष्ट्र राज्याच्या शासनावर निरनिराळ्या राजकीय पक्षांनी व पक्षसमूहांनी चालविलेल्या नियंत्रणाचा इतिहास. १ मे १९६० रोजी राज्य अस्तित्वात आल्यापासून १९९५ पर्यंत सत्ता काँग्रेस पक्षाकडे किंवा त्यातून फुटून निघालेल्या गटांकडे राहिली; त्यानंतर ती आघाड्यांच्या हाती गेली. १९८५ च्या निवडणुकीनंतर कोणत्याही एका पक्षाला विधानसभेत स्वबळावर बहुमत मिळालेले नाही. महाराष्ट्रातील सत्तांतरांपैकी मतपेटीतून घडलेली सत्तांतरे मोजकीच आहेत. अनेक महत्त्वाची सत्तांतरे पक्षांतर्गत फुटीतून व निवडणुकीनंतरच्या जुळवाजुळवीतून घडली. मतदाराने दिलेला कौल आणि प्रत्यक्षात आलेले सरकार यांच्यातील हे अंतर हा या इतिहासाचा मध्यवर्ती प्रश्न होय. मुंबईपासून दूर असलेल्या आणि राज्याच्या कौलाहून अनेकदा वेगळा कौल देणाऱ्या परभणी जिल्ह्यावरून हे अंतर विशेष स्पष्टपणे दिसते.

पूर्वपीठिका : १९३५ च्या कायद्यानुसार मुंबई प्रांतात १९३७ साली निवडणुका झाल्या. धनजीशा कूपर यांच्या अल्पकालीन मंत्रिमंडळानंतर बाळासाहेब खेर यांनी काँग्रेसचे मंत्रिमंडळ बनविले. ते १९३९ मध्ये महायुद्धाच्या प्रश्नावर राजीनामा देऊन बाहेर पडले. १९४६ मध्ये खेर पुन्हा सत्तेवर आले आणि १९५२ मध्ये त्यांच्या जागी मोरारजी देसाई मुख्यमंत्री झाले.

मराठवाड्याचा अनुभव मात्र सर्वस्वी निराळा होता. हैदराबाद संस्थानात जबाबदार राज्यपद्धती नव्हती. १९३८ साली स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली व ती १९४६ पर्यंत उठविली नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यावर प्रथम लष्करी प्रशासन, नंतर नियुक्त मुख्यमंत्री एम. के. वेल्लोडी यांचे शासन आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बी. रामकृष्णराव यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ असे टप्पे आले. त्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेच्या १७५ जागांपैकी ९३ काँग्रेसला मिळाल्या. पण परभणीने लोकसभेवर शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना निवडून दिले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे आणि विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. परभणी तालुक्यातील झरीसारख्या गावी १९३० च्या सुमारास जन्मलेल्या शेतकऱ्याने तिशी गाठेपर्यंत निजामाचे संस्थान, हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई राज्य व महाराष्ट्र अशा चार राजवटी पाहिल्या. यांपैकी पहिली बदलली, तेव्हा शासनाचे मूळ स्वरूपच बदलले. नंतरच्या दोन बदलांपैकी पहिल्यात राजधानी बदलली, परंतु दोन्हींत सत्ताधारी पक्ष तोच राहिला.

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने मुंबई शहरात व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला मोठा धक्का दिला. तरीही ३९६ पैकी २३४ जागा काँग्रेसकडे राहिल्या, त्या मुख्यतः गुजरात, विदर्भ व मराठवाडा या भागांच्या बळावर. राज्याची मागणी समितीने केली आणि मागणी मान्य झाल्यावर राज्य चालविण्याचे काम काँग्रेसकडे आले. उद्दिष्ट साध्य झाल्यावर समितीतील पक्षांना एकत्र ठेवणारे सूत्र उरले नाही.

एकपक्षीय प्राबल्य (१९६०–७७) : यशवंतराव चव्हाण हे राज्याचे पहिले मुख्यमंत्री. नोव्हेंबर १९६२ मध्ये ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले व मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले. कन्नमवारांचे १९६३ मध्ये पदावर असतानाच निधन झाले. डिसेंबर १९६३ मध्ये आलेले वसंतराव नाईक हे सलग अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. काँग्रेसला १९६२ मध्ये २६४ पैकी २१५, १९६७ मध्ये २७० पैकी २०३ आणि १९७२ मध्ये २७० पैकी २२२ जागा मिळाल्या. १९६७ मध्ये अनेक राज्यांत काँग्रेसची सत्ता गेली, पण महाराष्ट्रात तसे घडले नाही.

या स्थैर्याची कारणे केवळ नेत्यांच्या कौशल्यात नव्हती. १९६१ च्या कायद्यान्वये १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. सहकारी साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका, खरेदी-विक्री संघ व शिक्षणसंस्था यांचे जाळे ग्रामीण भागात पसरले. कर्ज, बी-बियाणे, उसाची नोंद, शिक्षकाची नेमणूक अशा दैनंदिन गोष्टी या संस्थांतून ठरत आणि त्यांतील बहुतेक पदाधिकारी सत्ताधारी पक्षाचे असत. महत्त्वाकांक्षी कार्यकर्त्याला विरोधी पक्षात जाण्यापेक्षा काँग्रेसमधील दुसऱ्या गटात जाणे अधिक फलदायी वाटे. त्यामुळे खरी स्पर्धा पक्षाच्या आतच होई. शेतकरी कामगार पक्षाचे अनेक कार्यकर्तेही कालांतराने याच मार्गाने काँग्रेसमध्ये गेले.

हे जाळे जेथे विरळ होते, तेथे असंतोष साचला. १९७२ चा दुष्काळ, रोजगार हमी योजनेवरील कामे आणि सुशिक्षितांची बेकारी या पार्श्वभूमीवर मराठवाडा विकास आंदोलन उभे राहिले. परभणी येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले होते, तरी नोकऱ्या, सिंचन व रेल्वे यांविषयीच्या मागण्या कायम होत्या. १९७४ मध्ये वसमत (तत्कालीन परभणी जिल्हा) येथे पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी मृत्युमुखी पडले. फेब्रुवारी १९७५ मध्ये नाईकांच्या जागी नांदेडचे शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. मराठवाड्यास प्रथमच हे पद मिळाले. मात्र हा बदल पक्षश्रेष्ठींनी घडवून आणला होता. त्याच्या पुढील वर्षी जायकवाडी प्रकल्पाचे लोकार्पण झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी परभणी जिल्ह्यास मिळू लागले.

फूट आणि पुलोद (१९७७–८०) : आणीबाणीनंतरच्या १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत परभणीने पुन्हा शेतकरी कामगार पक्षास कौल देऊन शेषराव देशमुख यांना निवडून दिले. राज्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. राष्ट्रीय पातळीवर काँग्रेस दुभंगल्यावर १९७८ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ व इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. परस्परांविरुद्ध लढलेल्या दोन्ही काँग्रेस पक्षांनी संयुक्त सरकार बनविले. वसंतदादा मुख्यमंत्री व नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री झाले. ते चार महिनेच टिकले. जुलै १९७८ मध्ये शरद पवार आपल्या गटासह बाहेर पडले आणि जनता पक्ष, शेतकरी कामगार पक्ष वगैरेंसह पुरोगामी लोकशाही दलाचे (पुलोद) सरकार त्यांच्या नेतृत्वाखाली आले.

या सरकारच्या आरंभीच, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात उसळलेल्या दंगलींत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली व माणसे मारली गेली. नांदेड व परभणी जिल्ह्यांना याची मोठी झळ पोचली. शासनाने अंमलबजावणी स्थगित केली. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, म्हणजे मधल्या काळात आठ वेळा मुख्यमंत्री बदलल्यानंतर. विधिमंडळात बहुमत असणे आणि समाजात निर्णय अंमलात आणण्याचे धैर्य असणे या भिन्न गोष्टी आहेत, हे या प्रकरणाने दाखवून दिले.

केंद्रात इंदिरा गांधी परतल्यावर १७ फेब्रुवारी १९८० रोजी पुलोद सरकार बरखास्त झाले व राज्यात प्रथमच राष्ट्रपती राजवट आली.

काँग्रेसचे पुनरागमन (१९८०–९५) : १९८० मध्ये इंदिरा काँग्रेसला १८६ जागा मिळाल्या. बहुमत पक्के असूनही जून १९८० ते जून १९८८ या आठ वर्षांत अ. र. अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील, शिवाजीराव पाटील निलंगेकर, शंकरराव चव्हाण व शरद पवार असे सहा मुख्यमंत्री झाले. यांतील बदल प्रामुख्याने दिल्लीतून ठरले. या काळात प्रादेशिक असमतोलाचा प्रश्न पुढे आला. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८४ च्या अहवालात विभागांचा अनुशेष मोजण्याची पद्धत घालून दिली.

१९८५ मध्ये काँग्रेसला १६१ व पवारांच्या समाजवादी काँग्रेसला ५४ जागा मिळाल्या. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे पवार स्वपक्षासह काँग्रेसमध्ये परतले. त्यामुळे ग्रामीण भागातील प्रमुख विरोधी शक्तीच सत्ताधारी पक्षात विलीन झाली आणि तिच्या मागे राहिलेली पोकळी शिवसेनेने भरून काढली. १९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेला व दीर्घकाळ शहरापुरता मर्यादित असलेला हा पक्ष अल्पावधीत मराठवाड्यात पसरला. १९८९ मध्ये परभणीतून शिवसेनेच्या पाठिंब्यावर अशोकराव देशमुख लोकसभेवर गेले. डाव्या विचाराचा शेतकरी कामगार पक्ष ज्या असंतोषाचे वाहन होता, त्या असंतोषाला आता हिंदुत्वाचा झेंडा मिळाला. १९९० मध्ये काँग्रेसची संख्या १४१ वर, म्हणजे बहुमतापेक्षा चारने खाली आली; तरी अपक्षांच्या साहाय्याने सत्ता टिकली.

युती व आघाडी (१९९५–२०१४) : १९९५ मध्ये काँग्रेसला ८०, शिवसेनेला ७३, भारतीय जनता पक्षाला ६५ व अपक्षांना ४५ जागा मिळाल्या. अपक्षांतील अनेकजण काँग्रेसचे बंडखोर होते आणि त्यांच्याच पाठिंब्यावर मनोहर जोशी यांचे युती सरकार आले. काँग्रेस परंपरेबाहेरील हे पहिले मुख्यमंत्री होत. १९९९ मध्ये नारायण राणे त्यांच्या जागी आले. त्यांच्या कारकिर्दीत १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा झाला.

जून १९९९ मध्ये पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन केला. दोन्ही काँग्रेस पक्ष परस्परांविरुद्ध लढले आणि निकालानंतर एकत्र सत्तेवर आले. १९७८ च्या प्रयोगाची ही पुनरावृत्ती या वेळी पंधरा वर्षे टिकली. विलासराव देशमुख (दोनदा), सुशीलकुमार शिंदे, अशोक चव्हाण व पृथ्वीराज चव्हाण हे या काळातील मुख्यमंत्री. २००४ मध्ये राष्ट्रवादीला ७१ व काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडेच राहिले. देशमुख व अशोक चव्हाण हे दोघे मराठवाड्याचे असले, तरी अनुशेषाचा प्रश्न सुटला नाही. मुख्यमंत्री कोणत्या विभागाचा आहे यापेक्षा निधी कोणत्या नियमाने वाटला जातो, याला अधिक महत्त्व असते.

पक्षफुटीचा काळ (२०१४–२४) : २५ सप्टेंबर २०१४ रोजी युती व आघाडी दोन्ही मोडल्या. निवडणुकीत भारतीय जनता पक्ष १२२ जागांसह सर्वांत मोठा ठरला. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले व काही आठवड्यांनी शिवसेना सरकारात सामील झाली. २०१९ मध्ये भाजप (१०५) व शिवसेना (५६) यांच्या युतीला बहुमत मिळाले, पण मुख्यमंत्रिपदावरून ती तुटली. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. २३ नोव्हेंबरच्या पहाटे ती उठून सकाळी फडणवीस व अजित पवार यांचा शपथविधी झाला. सर्वोच्च न्यायालयाने विश्वासदर्शक ठरावाचा आदेश देताच ते सरकार गेले आणि २८ नोव्हेंबर रोजी उद्धव ठाकरे यांच्या नेतृत्वाखाली शिवसेना, राष्ट्रवादी व काँग्रेस यांची महाविकास आघाडी सत्तेवर आली.

जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे यांच्या बंडाने शिवसेना दुभंगली व ते भाजपच्या साहाय्याने मुख्यमंत्री झाले. जुलै २०२३ मध्ये अजित पवार आपल्या गटासह त्याच सरकारात गेले. निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव व चिन्ह २०२३ मध्ये शिंदे गटास आणि २०२४ मध्ये अजित पवार गटास दिले. सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ च्या निकालात राज्यपालांच्या काही निर्णयांना अवैध ठरविले. परंतु ठाकरे यांनी चाचणीस सामोरे न जाता राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुनःस्थापित करता येणार नाही, असे म्हटले. नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत भाजपला १३२, शिवसेनेला ५७ व राष्ट्रवादीला ४१ जागा मिळाल्या आणि ५ डिसेंबर २०२४ रोजी फडणवीस पुन्हा मुख्यमंत्री झाले. परभणीने त्याच वर्षी लोकसभेसाठी संजय जाधव व विधानसभेसाठी राहुल पाटील या ठाकरे गटाच्या उमेदवारांना निवडून देऊन आपला वेगळेपणा राखला.

समालोचन : या इतिहासात संपूर्ण पाच वर्षांचा कार्यकाल अखंडपणे पूर्ण करणारे मुख्यमंत्री दोनच आढळतात : वसंतराव नाईक आणि २०१४–१९ या काळातील देवेंद्र फडणवीस. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा व २००३ ची त्यातील दुरुस्ती यांनी एकेकट्या आमदाराचे पक्षांतर अवघड केले. त्याचा परिणाम म्हणून फूट मोठ्या गटांनी आणि मूळ पक्ष आपणच असल्याच्या दाव्याने होऊ लागली.

सत्तेच्या या घडामोडींचा गावाशी येणारा संबंध मुख्यतः मधल्या संस्थांतून येतो. झरीसारख्या गावी ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हांवर होत नाही. पक्ष प्रत्यक्ष दिसतो तो जिल्हा परिषद, बाजार समिती व जिल्हा बँक यांत. १९६२ मध्ये ज्या जिल्हा परिषदांनी पक्षीय सत्तेला पाया दिला, त्यांपैकी बहुतेकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि निवडणुका न्यायप्रविष्ट वादांमुळे लांबल्याने त्यांचा कारभार तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांकडे राहिला. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा वैधानिक विकास मंडळाची मुदतही ३० एप्रिल २०२० रोजी संपली. या काळात मुंबईत दोन वेगवेगळ्या मुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. पण रस्ता, पाणी व शाळा यांविषयी जाब विचारण्यासाठी गावकऱ्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी लोकनियुक्त सभागृह उरले नव्हते. महाराष्ट्रातील पक्षीय सत्तेचे मूल्यमापन करताना कोणता पक्ष किती वर्षे सत्तेवर होता एवढेच पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. त्या सत्तेस खालून जाब विचारणाऱ्या संस्था कोणत्या काळात जिवंत होत्या व कोणत्या काळात निद्रिस्त होत्या, हेही त्याच्या जोडीने पाहावे लागते.